फोटो चालणार नाही, स्क्रीनशॉट आणा

लोकांकडून पुरावे मागणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग आहे. विमा कंपनीच्या दावे विभागात मी काम करते, म्हणजे खारू होईपर्यंत करत होते. समोरचा माणूस आपलं कोणीतरी गेल्याचं सांगत उभा असतो आणि मी त्याला शांतपणे विचारते, "मूळ प्रत आणलीत का?" त्यामुळे माझ्या बाबतीत पुढे जे घडलं ते एका परीने न्याय्यच होतं, असं माझ्या नवऱ्याचं मत आहे. त्याची मतं मी हल्ली ऐकून सोडून देते. वाद घालायला माणसाची झोप पूर्ण झालेली असावी लागते.

खारू म्हणजे आमची मुलगी. हे तिचं पाळण्यातलं नाव नव्हे. दात आल्यापासून ती खारीसारखं सगळं कुरतडते, म्हणून पडलं. टेबलाचा कोपरा, टीव्हीचा रिमोट, माझ्या चपलेचा पट्टा आणि माणसं. होय, ती चावते. हे मी आत्ताच सांगून टाकते, कारण पुढे ते फार वाईट रीतीने बाहेर येणार आहे.

माझी रजा संपत आली होती. वाढवून मिळाली, ती वाढवलेलीही संपत आली. सोमवारी रुजू व्हा, नाहीतर त्या खुर्चीवर दुसरं कोणी बसेल, असं साहेबांनी अतिशय गोड आवाजात कळवलं होतं. खारूला दिवसभर सांभाळणं सासूबाईंच्या गुडघ्यांना झेपण्यासारखं नव्हतं. आमच्या ऑफिसच्या मागच्याच गल्लीत एक पाळणाघर आहे. तिथे एक जागा रिकामी झाल्याचं कळलं तेव्हा मला इतका आनंद झाला की लगेच भीतीच वाटायला लागली. मला आनंदानंतर नेहमी तीच वाटते.

नोंदणी वेबसाइटवरून करायची होती. फोनवर तिचं अर्धं पान पडद्याबाहेर राहायचं आणि 'पुढे जा' नेमकं त्या बाहेरच्या अर्ध्यात होतं. म्हणून बाहेरच्या खोलीतला डेस्कटॉप लावला. हा डेस्कटॉप नवऱ्याने त्याच्या जुन्या कंपनीतून आणलेला. कंपनी बंद पडली तेव्हा ज्याला जे उचलता आलं ते त्याने उचललं. कोणाला खुर्च्या मिळाल्या, कोणाला पंखे. आम्हाला हा मिळाला. बंद पडलेल्या कंपनीतून आल्यामुळे असेल, पण त्याच्यात कामाची उमेद म्हणून नाही. सुरू करताना तो असा कण्हतो की सासूबाई आतून विचारतात, "काय झालं गं?"

तर त्या दिवशी सकाळी, बराच वेळ कण्हून झाल्यावर, पडद्यावर हिरवी चौकट आली: 'अभिनंदन. आपली नोंदणी पूर्ण झाली आहे.' खाली एक नोंदणी क्रमांक. दुसरी एखादी बाई असती तर तिने संगणक बंद करून सुखाने चहा घेतला असता आणि तिची ही कथा झाली नसती. मी आधी फोनने त्या पडद्याचा फोटो काढला. मग पान तसंच उघडं ठेवून, नोंदणी खरंच झाली का हे बघायला पाळणाघरात गेले.

पाळणाघराच्या दारातच खिडकी आहे आणि खिडकीमागे एक कारकून. त्यांच्या डोक्यावर पाटी आहे: 'चावणाऱ्या मुलांस त्याच दिवशी घरी पाठविण्यात येईल.' पाटीवरची अक्षरं कोणीतरी फार प्रेमाने, वेलबुट्टीसकट रंगवलेली आहेत. मी ती वाचली नाही असा चेहरा केला.

कारकुनांनी यादी वरून खाली पाहिली, मग खालून वर पाहिली. खारूचं नाव दोन्हीकडून नव्हतं.

मी फोन पुढे केला. त्यांनी फोटो मोठा केला, आणखी मोठा केला, आणि मान वर करून माझ्याकडे बघितलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं. फोटोत, पडद्याच्या काळसर काचेत मी दिसत होते. केस विस्कटलेले, खांद्यावर पंचा, कमरेला लोंबकळणारी खारू, आणि नोंदणी क्रमांकाच्या नेमकं वर माझं उघडं तोंड.

"या तुम्हीच ना?"

"हो."

"मग हा तुमचा फोटो झाला, ताई. नोंदणीचा नाही." ते वाईट माणूस नव्हते. त्यांनी समजावून सांगितलं की फोटो कशाचाही काढता येतो, मागे एकाने शेजाऱ्याच्या पडद्याचा काढून आणला होता. "फोटो चालणार नाही. स्क्रीनशॉट आणा. पूर्ण स्क्रीनचा, कापलेला नको, खाली तारीख-वेळ दिसली पाहिजे. उद्या दुपारी यादी लावायचीय. त्यानंतर आमच्या मोठ्या बाईसुद्धा काही करू शकत नाहीत."

हा आवाज मला ओळखीचा होता. तो माझाच होता. खिडकीच्या या बाजूने तो कसा ऐकू येतो हे मला इतक्या वर्षांत ठाऊक नव्हतं.

बाहेर येऊन मी फोनवर वेबसाइट उघडून खारूचं नाव घातलं. 'या नावाची नोंद आढळली नाही.' पुन्हा घातलं. आढळली नाही. म्हणजे खारूची नोंदणी झाल्याची जगात एकच खूण उरली होती. ती आमच्या बाहेरच्या खोलीत, त्या कण्हणाऱ्या संगणकावर, उघड्या ठेवलेल्या एका पानावर होती. आणि घरात त्या वेळी दोनच माणसं होती. एक खारू आणि दुसऱ्या धूळ पुसायचं फडकं घेतलेल्या सासूबाई.

मी धावत सुटले. शाळा सुटल्यानंतर मी धावले नव्हते. जिन्यात एक चप्पल निसटली, तिच्यासाठी थांबले नाही.

घरात शांतता होती. माझ्या घरात शांतता असली की मी आधी खारूचं तोंड उघडून बघते. तोंडात काही नव्हतं. संगणकावर मात्र चादर होती.

"दिवसाढवळ्या चालू कशाला ठेवायचा," सासूबाई म्हणाल्या, "म्हणून झाकून ठेवलाय."

मी चादर उचलली. खाली हिरवी चौकट होती. जिवंत.

नवऱ्याला फोन लावला. तो कुजबुजत बोलत होता, म्हणजे मीटिंगमध्ये होता. त्याने सांगितलं, कशालाही हात लावू नकोस, पान पुन्हा लोड केलंस तर गेलं, बंद केलंस तर गेलं, आणि मुख्य म्हणजे त्याला झोपू देऊ नकोस, झोपला तर उठेल याची खात्री नाही. एवढं सांगून त्याने, मी संध्याकाळी येतोच, असं म्हणून फोन ठेवला. आगीची वर्दी दिल्यावर बंबवाल्याने असं म्हटलं तर कसं वाटेल, तसं मला वाटलं.

मग मी माऊस सासूबाईंच्या हातात दिला आणि तो हलवत राहायला सांगितलं. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. त्या ताठ बसल्या आणि कपड्याला इस्त्री करावी तशा टेबलावर माऊस फिरवू लागल्या. पडद्यावरचा बाण या टोकापासून त्या टोकापर्यंत गस्त घालू लागला. खारूला मी कडेवर घेतलं. खांद्याला चावली. मी हूं की चूं केलं नाही.

जिन्यातली चप्पल सापडल्यामुळे शेजाऱ्यांना कुणकुण लागली. वरच्या मजल्यावरचे ऑडिटर काका ती हातात घेऊनच आले. त्यांना निवृत्त होऊन बराच काळ झाला, पण नजर अजून निवृत्त झालेली नाही. त्यांच्यामागून समोरच्या शिलाईवाल्या काकू आल्या, गळ्यात टेप तशीच. माणसं आजाऱ्याला बघायला येतात तशी दोघं आली. पावलं न वाजवता, दारात जरा थबकून.

"कसं आहे?" काकूंनी हळू आवाजात विचारलं.

"आहे अजून," सासूबाई म्हणाल्या. माऊस फिरत होता.

सगळे चौकटीकडे बघत उभे राहिले. मग सल्ले सुरू झाले. काकूंचं म्हणणं, पडद्यावर ट्रेसिंगचा कागद लावून त्या अक्षरन् अक्षर उतरवून देतील, ब्लाउजच्या बाह्यांवरची नक्षी त्या अशीच उतरवतात, फरक ओळखून दाखवावा कोणी. काकांना हे बालिश वाटलं. त्यांच्या मते संगणकच रिक्षात घालून पाळणाघरात न्यावा. वायरीचं काय, म्हटल्यावर ते थोडा वेळ वायरीच्या लांबीचा अंदाज घेत राहिले. मग त्यांनी साक्षीदारांचा मार्ग काढला. आम्ही सगळ्यांनी ही चौकट समक्ष पाहिली असं निवेदन करायचं, सह्या करायच्या, सोबत ओळखपत्रं. ते कागद आणायला निघालेसुद्धा. मी त्यांना थांबवलं. माझ्या टेबलावर अशी निवेदनं येतात. मी ती कुठे ठेवते ते मला माहीत आहे.

खरं म्हणजे स्क्रीनशॉट कसा काढतात हे मला ठाऊक होतं. मी पदवीधर आहे. संगणकाचा कोर्सही केलाय, त्याचं प्रमाणपत्र आईने अजून लॅमिनेट करून ठेवलंय. कीबोर्डवर उजवीकडे वरच्या अंगाला 'प्रिंट स्क्रीन' असं लिहिलेलं बटण असतं. ते दाबायचं. इतकं सोपं. पण एवढं सोपं काम आपल्या नशिबी असेल यावर माझा विश्वास बसत नव्हता, म्हणून मी ते लांबवत होते. शेवटी काका म्हणाले, "दाबा आता, सूनबाई. जे व्हायचं ते होईल." धीर देण्याची ही त्यांची पद्धत आहे.

मी दाबलं.

पडदा काळा झाला.

संगणकाच्या पोटातला पंखा थांबला. तो इतका वेळ चालू होता हे तो थांबल्यावरच कळलं. काकूंनी चष्मा काढून पदराला पुसला. काळ्या काचेत आम्ही सगळे दिसत होतो, ओळीने उभे, मध्ये मी आणि माझं पुन्हा उघडं तोंड. सोमवार माझ्या डोळ्यांपुढून गेला, त्याच्यामागून माझी खुर्ची गेली. काका दबक्या आवाजात वेळ काय झाली ते विचारत होते. नोंद करून ठेवायची सवय.

फक्त सासूबाईंचा हात थांबला नव्हता. त्यांना कोणी थांबा म्हटलं नव्हतं. त्या काळ्या पडद्यासमोर तेवढ्याच निष्ठेने इस्त्री करत राहिल्या, आणि थोड्या वेळाने आतून कण्हणं ऐकू आलं, पंखा फिरला आणि हिरवी चौकट परत आली.

काकूंना खुर्ची द्यावी लागली.

आता प्रश्न असा की फोटो काढणाऱ्या बटणाने संगणक झोपवला का? मी वाकून कीबोर्ड बघितला. 'प्रिंट स्क्रीन' जरा तिरकं बसलेलं दिसलं. त्याच्या वरच्या रांगेत चंद्रकोर काढलेलं झोपेचं बटण असतं, तेही तिरकं. आणि दोन्हींच्या कडांना वाळलेला गोंद.

मी सासूबाईंकडे बघितलं. सासूबाई पडद्याकडे बघत होत्या.

हळूहळू बाहेर आलं ते असं. खारूने मागे कधीतरी कीबोर्डची बटणं दातांनी उपटली होती. सासूबाईंना पसारा सहन होत नाही. त्यांनी ती गोळा केली, स्वच्छ धुतली, वाळवली आणि ज्या खाचेत जे बसेल ते चिकटवून टाकलं. मला सांगितलं नाही, कारण सांगितलं असतं तर मी खारूला दवाखान्यात नेलं असतं. हे मात्र खरं होतं.

"एकूण किती बसवलीत, आई?"

"मोजत काय बसले होते का मी?"

म्हणजे त्या दोन बटणांची अदलाबदल झाली असणार, आणि चित्र असं झालं की स्क्रीनशॉट काढायचा तर चंद्रकोरीचं बटण दाबायला हवं होतं. म्हणजे बहुतेक. ज्याच्यावर झोप लिहिलीय ते दाबल्याने संगणक झोपणार नाही, असा विश्वास ठेवायचा होता, आणि तोही सासूबाईंच्या चुकीवर. काका म्हणाले, दुसऱ्यांदा झोपला तर उठेलच असं नाही, एकदाच्या अनुभवावरून नियम काढू नये. काकू म्हणाल्या, आधी दुसऱ्या कोणाच्या तरी संगणकावर करून बघावं. मी डोळे मिटले आणि चंद्रकोर दाबली.

डोळे उघडले तर चौकट जागेवर. अंधार नाही, कण्हणं नाही. फोटोही नाही. मी पुन्हा दाबली. काही नाही. जोरात दाबली, हळूच दाबली, दाबून धरली. काहीही झालं नाही. संगणक माझ्याकडे मख्खपणे बघत राहिला. काकांनी मान हलवली, म्हणजे हेही ते बटण नव्हे. मी मटकन खाली बसले. खारू माझ्या मांडीवर येऊन बसली आणि माझ्या चेहऱ्याकडे अशी निरखून बघू लागली की मला रडायचीही सोय राहिली नाही.

त्या अवस्थेत नवरा घरी आला. बाहेरच्या खोलीत इतकी माणसं, सगळी खाली मान घालून, आणि आई संगणकापुढे काहीतरी घासत बसलेली. तो दारातच पांढराफटक पडला. सगळं ऐकून झाल्यावर त्याने एकच विचारलं, "पेस्ट केलंस का?"

"कुठे?"

"अगं, पेंट उघडून. फोटो निघालेलाच असतो, दिसत नाही इतकंच. पेस्ट केल्यावर दिसतो."

माझं लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र माझ्या डोळ्यांपुढे आलं. लोक ज्या गोष्टी दिसत नाहीत त्यावर भरवसा ठेवून कसे जगतात, मला कळत नाही. त्याने पेंट उघडलं, पेस्ट केलं, आणि पडद्याच्या आत पडदा उमटला. हिरवी चौकट, क्रमांक, खाली तारीख, वेळ. माझं तोंड कुठेही नव्हतं. काकांनी ते आधी पेन ड्राइव्हवर घ्यायला लावलं, मग खिशातून स्वतःचा दुसरा पेन ड्राइव्ह काढून त्याच्यावरही घ्यायला लावलं. सासूबाईंनी माऊस सोडला आणि बोटं सरळ करून बघितली. क्षणभर, फार तर दोन क्षण, आमच्या घरात आनंद होता.

"हे वर काय लिहिलंय गं?" काकूंनी चष्मा लावला.

मी तुम्हाला सांगितलं नाही, कारण माझ्याही लक्षात नव्हतं. मी रोज खारू झोपली की याच संगणकावर वाचते. जे वाचलं त्याने समाधान होत नाही म्हणून पान बंद करत नाही, शेजारी दुसरं उघडते. संगणक लावला की ती सगळी पानं परत येतात; ती वर ओळीने उघडी होती आणि प्रत्येकाचं शीर्षक स्क्रीनशॉटमध्ये सुबकपणे आलं होतं. काकूंनी ती शिलाईची मापं वाचून दाखवावीत तशी एकेक वाचली. 'मूल चावते : कारणे व उपाय.' 'कामावर परतलेल्या आईला रडू का येते.' 'सासूशी न भांडता कसे राहावे.' 'पाळणाघरातली मुले आईला विसरतात का.'

ऑडिटर काकांना खिडकीबाहेर काहीतरी महत्त्वाचं दिसलं. नवरा बुटांची लेस सोडू लागला, जी त्याने आधीच सोडलेली होती.

मी माऊस ओढून घेतला आणि त्या शीर्षकांच्या शेजारच्या फुल्यांवर क्लिक करत सुटले. एकही बंद होईना. चावणाऱ्या मुलावर क्लिक, सासूवर क्लिक, पुन्हा सासूवर क्लिक. सगळं आपलं जागच्या जागी.

"अगं, तो फोटो आहे," नवरा म्हणाला. "फोटोतली फुली कशी बंद होईल?"

मग मी खऱ्या पानावर गेले. ही सगळी बंद करायची, एकटी चौकट ठेवायची आणि चंद्रकोर पुन्हा दाबायची. पहिली फुली दाबली, पान बंद झालं आणि शेजारचं सरकून बाणाखाली आलं. ते बंद केलं, पुढचं सरकून आलं. मला इतका वेग आला होता की बाण हलवायचीही गरज नव्हती. चावणं गेलं, रडू गेलं, सासू गेली, विसरणं गेलं, आणि त्याच्यामागून शिस्तीत सरकून आलेली हिरवी चौकटही गेली.

पडद्यावर नुसता डोंगरदऱ्यांचा फोटो उरला, कंपनी चालू होती तेव्हाचा.

आता काय ते पेन ड्राइव्हवरचं चित्र. त्यात प्रवेशाचा पुरावा होता आणि त्याच चित्रात, वरच्या बाजूला, ज्या गोष्टीवरून प्रवेश रद्द होतो तिचाही होता. काकूंनी सुचवलं की कात्री लावावी. पण कारकुनांनी कापलेला नको म्हणून सांगितलं होतं. नवरा म्हणाला, पेंटमध्ये रबर असतं, नुसती अक्षरं पुसू. मी नको म्हटलं. खाडाखोड केलेला कागद कसा ओळखायचा हे मी नव्या मुलींना शिकवते. लपवलेलं दिसून येणं, यासारखं वाईट काही नसतं. माणूस दाव्यातूनही जातो आणि विश्वासातूनही.

शेजारी गेल्यावर सासूबाई कीबोर्ड फडक्याने पुसत म्हणाल्या, "न भांडता कसं राहावं म्हणे. आपण भांडलो कधी?"

मी आठवायला लागले. खरंच नव्हतो भांडलो. तेच तर मी वाचत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खिडकीत पेन ड्राइव्ह दिला. पाटी कालच्यापेक्षा मोठी वाटली. कारकुनांनी चित्र उघडलं. त्यांची नजर थेट क्रमांकावर गेली, तिथून तारखेवर. वर गेली नाही. माझ्या खात्यातली माणसंही अशीच बघतात, जे मागितलंय तेवढंच. "हं. हे कसं, आता नीट झालं," ते म्हणाले, आणि मी श्वास सोडणार एवढ्यात त्यांनी प्रिंट काढली. चांगली, ठळक, शीर्षकांसकट. "बाईंची सही घेऊन येतो."

मी बाकावर बसले. आतून मुलांचा आवाज येत होता, त्यात एक मूल एकसुरी रडत होतं, कंटाळून, कोणासाठी रडतंय हे विसरल्यासारखं. बाईंना सही करायला फार वेळ लागला. सही करायला एवढा वेळ लागत नाही, वाचायला लागतो. मी मनात उत्तरं तयार केली. ते पान शेजारणीसाठी उघडलं होतं. ते पान चुकून उघडलं. ती चावते, पण मनापासून नाही.

कारकून बाहेर आले तेव्हा कागदावर सही होती, शिक्का होता, आणि चेहऱ्यावर काहीही नव्हतं. "सोमवारपासून. डब्यावर नाव घाला."

सोमवारी खारू पाळणाघरात गेली. ती रडेल, पायाला विळखा घालेल, मग मी काय करायचं याची मी सगळी तयारी ठेवली होती. तिने आत एक लाकडी घोडा बघितला आणि माझं बोट सोडून निघून गेली. वळून बघितलं नाही. मी दारात उभी राहिले. मोठ्या बाई दुरून माझ्याकडे बघत होत्या. उंच, जाड चष्म्याच्या.

ऑफिसात माझी खुर्ची होती. कोणीतरी तिची उंची बदलली होती, ती दिवसभर जमेना. दुपारी एक गृहस्थ आले. बायकोच्या मृत्यूच्या दाखल्याचा फोनने काढलेला फोटो त्यांनी पुढे केला. त्यात कागदावर त्यांच्याच हाताची सावली पडलेली होती. मी तो मोठा केला. "हे चालणार नाही," मी म्हटलं, "नीट प्रत आणा." अगदी सवयीने, अगदी शांतपणे. ते 'बरं' म्हणून उठले. ते दारापर्यंत गेल्यावर मी त्यांना हाक मारली. दार लावून घेतलं होतं त्यांनी.

संध्याकाळी मी गल्लीत जवळजवळ पळतच गेले. 'कामावर परतलेल्या आईला रडू का येते' याचं उत्तर मला जेवणाच्या सुट्टीतच मिळालं होतं, आता उरलेल्या प्रश्नांची भीती होती. मोठ्या बाई स्वतः खारूला घेऊन दारात आल्या. पाटीच्या बरोबर खाली उभ्या राहिल्या. मी त्यांच्या हातांकडे बघितलं, मनगटांकडे, दंडांकडे. वळ कुठे नव्हता.

"खारूच्या आई," त्या म्हणाल्या, "चावली नाही हो कुणाला आज."

म्हणजे वाचलं होतं. वरची सगळी ओळ वाचली होती, सासूबाईंसकट. त्यांनी चष्मा जरा वर ढकलला.

"आणि विसरली पण नाही."

त्यांनी खारूला माझ्याकडे दिलं. खारूने मला ओळख दिली नाही. माझ्या चेहऱ्यापासून जरा मागे होऊन ती बघत राहिली, परक्या बाईकडे बघावं तशी, बराच वेळ. माझ्या मनात आलं, गेली. मग तिने डोकं माझ्या खांद्यावर टेकवलं, नीट जागा शोधली आणि कडकडून चावली. आतापर्यंत ती चावायची तो सगळा सराव होता असं वाटावं, इतकी. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखलं म्हणूनही आलं असेल.

मी पाटीकडे बघितलं, मग बाईंकडे.

बाई खारूच्या पिशवीचा बंद नीट करत होत्या. "दिवसभर राखून ठेवलं होतं तिने," त्या म्हणाल्या. "उद्या जरा लवकर या."